शुभेच्छुकांच्या रांगेत

काम नसताना जायचं, असं त्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं.

पालघरच्या एका मंगल कार्यालयात आमच्यासारख्या छोट्या पतसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. लोकप्रतिनिधींशी नातं कसं जोडावं, हा विषय. प्रशिक्षक बाहेरगावचे, बोलायला गोड. म्हणाले, "निवडून आलेल्या माणसाकडे तुम्ही फक्त अडचण घेऊन जाता. अडचण घेऊन गेलात की तुम्ही अर्जदार. काही अडचण नसताना गेलात, आपली संस्था काय करते ते सांगितलंत, चहा घेतलात आणि परत आलात, की तुम्ही ओळखीचे. मग वेळ येईल तेव्हा तो माणूस तुमच्या बाजूने बोलतो." मी हे वहीत शब्दशः उतरवून घेतलं. ही माझी जुनी खोड आहे. तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. तिथे कागदावर जे लिहिलंय तेच करायचं, तेवढंच करायचं आणि खाली सही करायची. दहा मिनिटं ढवळा असं लिहिलं असेल तर अकरावं मिनिट नाही. त्यामुळे शिबिराहून मी खुशीत परतले. राजकारण म्हणजे काय ते मला कधीच कळलं नव्हतं, पण आता त्याची कृती माझ्या वहीत होती.

आमची पतसंस्था बोईसरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांनी काढलेली. एका खोलीचं ऑफिस, वर पत्रा. मी निवृत्त झाल्यावर तिची मानद सचिव झाले, म्हणजे काम सगळं आणि पगार नाही. पण माझा जीव त्या ऑफिसात नव्हता. तो होता गुरुवारच्या खिडकीत.

मासवणच्या पलीकडे, मनोरच्या अंगाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथली माणसं मला अजून भेटतात आणि यापुढेही भेटावीत असं वाटतं. गावाला टेकडीच्या कडेने विखुरलेले पाडे. पावसावरची भाताची शेतं, आणि दिवाळी झाली की अर्धी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर नाही तर बांधकामावर निघून जातात. ग्रामपंचायतीची एक जुनी बालवाडीची खोली होती. भिंतीवर मोर आणि ससा अजून दिसायचे, सशाचा एक कान पावसाने नेलेला. त्या खोलीत दर गुरुवारी आम्ही टेबल मांडून बसायचो. बायका बचत भरायच्या, कोणी काढायच्या, कोणी नुसत्याच येऊन बसायच्या. त्यालाच सगळ्या खिडकी म्हणायच्या. खोलीला खिडकी अशी एकच, आणि तीही उघडत नसे.

खोली वापरायचा ठराव तीन वर्षांचा होता आणि तो दिवाळीच्या सुमारास संपणार होता. नवा ठराव ग्रामसभेत व्हायचा. तो झाला नाही तर खिडकी बंद. मग बायकांनी दोन गाड्या बदलून, दिवसाची मजुरी बुडवून बोईसर गाठायचं. एकही आली नसती. हे मला माहीत होतं आणि माझ्याहून जास्त मावशीला माहीत होतं.

मावशी म्हणजे आमच्या संचालक मंडळातली पाड्यावरची एकुलती एक बाई. वयाने माझ्याहून फार मोठी नसेल, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. सही करते, त्यापलीकडे लिहीत नाही. या सगळ्या बायकांना तिनेच आणलं होतं, एकेकीच्या ओट्यावर बसून, "माजा जीव जाईल पण तुमचा पैसा जायाचा नाय" असं सांगून. खिडकी बंद पडली असती तर मी बोईसरला माझ्या घरी पंख्याखाली बसले असते. मावशीला मात्र रोज त्याच बायकांसोबत पाणी भरायला जायचं होतं. तिने मला श्रावणातच विचारलं होतं, "बाय, खोली राहील ना? मी तेंना सांगून बसलेय." मी म्हणाले, "राहील, माझ्याकडे उपाय आहे." उपाय म्हणजे ती वही.

आमच्या भागातून निवडून आलेले एक साहेब होते. कुठल्या पदावर आणि कुठल्या पक्षाचे, ते सोडून देऊ. बोईसरला त्यांचं संपर्क कार्यालय. बाहेर चपलांचा ढीग, आत बाकांवर माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल. माझ्याकडे फाईल नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत तेच कळेना. दाराशी साहेबांचे सहायक एक मोठं रजिस्टर घेऊन बसले होते. नाव, गाव, मोबाईल आणि काम असे चार रकाने.

"काम?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. भेटायला आले."

"भेटायलाच येतात सगळे. काम काय लिवू?"

"काम नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बदली हाय का कोणाची?"

"नाही."

"ॲडमिशन? दाखला? शेजाऱ्याची भिंत?"

"नाही हो. आमची पतसंस्था आहे. ओळख करून घ्यायला आले."

ते जरा पुढे झुकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, तुमी पेपरवाल्या हाय का?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, पण रकाना तर रिकामा ठेवता येईना. शेवटी त्यांनी तिथे 'खाजगी' असं लिहिलं. ते शेजारच्या माणसाने वाचलं आणि त्यानंतर तो मला स्वतःची जागा देऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बिचाऱ्याला वाटलं असेल, घरात काहीतरी मोठं झालंय. मी दोन तास बसले आणि साहेब मागच्या दाराने पालघरला मीटिंगला निघून गेले.

दुसऱ्या खेपेला सहायकांनी मला ओळखलं. बाजूला घेऊन म्हणाले, "स्पष्ट बोला. तिकीट पायजे का?" मी एवढी जोरात नाही म्हणाले की त्यांना ते हो वाटलं असावं. तिसऱ्या खेपेला मला थेट आत सोडलं.

साहेब उठून उभे राहिले, हात जोडले. "बोला ताई, काय सेवा करू?"

"काहीच नको," मी म्हणाले आणि वहीतलं पाठ केलेलं बोलून टाकलं. आमची संस्था, कारखान्यातल्या बायका, पाड्यांवरच्या बायका, गुरुवारची खिडकी. ठरावाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, कारण ती अडचण होती आणि अडचण घेऊन जायचं नव्हतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पुढचं वाक्य नव्हतंच. त्यांनी सहायकांकडे बघितलं, सहायकांनी छताकडे. 

टेबलावर पुडक्यात खायची पानं होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ही कुठली?" आणि तो माणूस एकदम बदललाच. त्यांची समुद्राकडे वाडी, तिथला पानमळा वडिलांनी लावलेला. वेलीला सावली किती लागते, वारा कुठल्या बाजूचा चालत नाही, मजूर का मिळत नाहीत, सगळं त्यांनी मला अर्धा तास सांगितलं. फोन वाजत होता तो त्यांनी उलटा करून ठेवला. मला तो माणूस आवडला. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. निघताना त्यांनी मला ती पानं दिली आणि सहायकांनी आमचा दोघांचा फोटो काढला. घरी आल्यावर मी वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'संबंध प्रस्थापित'.

पंधरा दिवसांनी साहेबांचा वाढदिवस आला.

मी रिक्षातून स्टेशनकडे जात होते. नाक्यावर विजेच्या दोन खांबांना बांधलेला बॅनर. मध्ये साहेब, दाराएवढे, कानाला फोन लावलेले. खाली गोल गोल चेहऱ्यांची रांग आणि त्यावर ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक'. डावीकडून चौथी मी. फोटोतले साहेब आणि माझ्या हातातली पानं कापून टाकली होती, त्यामुळे मी नुसतीच हसत होते. खाली माझं नाव, पद आणि आमच्या पतसंस्थेचं अख्खं नाव. मी रिक्षा थांबवली. खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी मी फोटो कसा आलाय तेच बघितलं. बरा आला होता. मग खालचं संस्थेचं नाव पुन्हा वाचलं.

त्या आठवड्यात मला कळेनासं झालं की मी कोण आहे. नवरा म्हणाला, "आता मागूनच टाक तिकीट." भाजीवाला, जो एरवी कोथिंबिरीची एक काडी जास्त देत नाही, त्याने जुडी हातात ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, आप नेता कब से बन गए?" खालच्या मजल्यावरच्या बाई मुलाच्या नोकरीचा अर्ज घेऊन आल्या. मी प्रत्येकाला सांगत सुटले की मी कुठल्याही पक्षात नाही, मला न विचारता फोटो लावलाय. प्रत्येकजण मान हलवून "हो हो" म्हणायचा. मी जितकं जास्त नाही म्हणायचे तितकी त्यांची खात्री पटत जायची. मला संतापही येत होता आणि हसूही येत होतं. ती कोथिंबीरही मी परत केली नाही.

असा बॅनर त्या गावातही लागला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी गाडीतून उतरले तर ग्रामपंचायतीच्या समोर मीच हसत होते. आमच्या खोलीला पंचायतीचं कुलूप होतं. ओट्यावर बायका पासबुकं कमरेला खोचून बसल्या होत्या, आणि त्यांच्यापासून जरा लांब, बॅनरच्या खाली, मावशी उभी होती. तिने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बाय, ही तूच हाय ना?"

"मीच आहे, पण ते..."

"मंग सरपंचबाय बोलते ते खरं," ती म्हणाली. आणि ओट्यावर बायकांत जाऊन बसली.

सरपंच तरुण होत्या, साहेबांच्या विरुद्ध गटाच्या. पण आमचं आणि त्यांचं कधी बिनसलं नव्हतं. उलट दर गुरुवारी त्या आमच्या खोलीत येऊन बसायच्या. घरात सासू बसू देत नाही आणि पंचायतीत पुरुष बोलू देत नाहीत, असं म्हणून पाय पसरून चहा प्यायच्या. मला त्या मैत्रिणीसारख्या वाटायच्या. त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी पाणी दिलं, चहाचं नाव काढलं नाही.

"मॅडम, आमी तुमाला काय कमी केलं?"

"अहो ताई, तो फोटो त्यांनी परस्पर लावलाय."

"तुमी तिकडं गेल्या नव्हत्या?"

"गेले होते."

"कितीदा?"

"तीनदा. पण काही काम नव्हतं."

"काम नव्हतं नि तीनदा गेल्या?" त्या हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "बोईसरला तीन तीन तास बसल्या बाकावर, सगळं समजलंय आमाला. ठराव माज्या हातात हाय. हितं दर गुरुवारी तुमच्या शेजारी बसते मी. मला कधी एका शब्दानं बोलल्या, की ताई, ठरावाचं बघा?"

मी म्हणाले, "तुमच्याशी रोजचंच आहे म्हणून..."

"मी पण निवडून आलेय, मॅडम."

हे वाक्य मला असं लागलं की मी पदराने तोंड पुसायला लागले. माझ्या वहीत लोकप्रतिनिधी या शब्दाखाली जी यादी होती तिच्यात सरपंच नव्हत्याच. चहा पिणारी, पाय पसरून बसणारी, सासूच्या तक्रारी सांगणारी बाई लोकप्रतिनिधी कशी असेल? मी माझ्या तोंडाने असं कधी म्हटलं नसतं, पण वागले तशीच होते. त्या पुढे शांतपणे म्हणाल्या, "आता माजी माणसं विचारतात, तेंच्या माणसांना खोली का देता? तेंना काय सांगू मी?" तेही खरंच होतं. मी पायऱ्या उतरले तेव्हा मला त्यांचाही राग येत नव्हता आणि स्वतःचाही नीट येत नव्हता, सगळंच गढूळ झालं होतं.

संचालक मंडळाच्या बैठकीत एकीने सुचवलं की दुसऱ्या गटाच्या नेत्यालाही शुभेच्छा देणारा बॅनर लावू, म्हणजे हिशेब सारखा होईल. मी क्षणभर खरोखर विचार केला, दोन्हीकडे तोच फोटो वापरावा की दुसरा काढावा. मी प्रशिक्षकांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "अभिनंदन! म्हणजे संबंध लोकांना दिसू लागला." मी फोन ठेवून दिला.

मग मी पुन्हा साहेबांच्या कार्यालयात गेले. सहायकांनी सवयीने 'खाजगी' लिहायला घेतलं. मी म्हणाले, "थांबा, आज काम आहे." त्यांचा चेहरा उजळला.

"बोला!"

"बॅनर काढून टाकायचाय."

"कोणाचा?"

"साहेबांचा."

त्यांनी ते लिहिलंच नाही. आत गेल्यावर साहेबही गोंधळले आणि मग दुखावले. "ताई, लोक त्या रांगेत यायला भांडतात. तुम्ही काही मागितलं नाहीत, म्हणून मला वाटलं यांचा मान आपण केला पाहिजे." ते खरं बोलत होते, मला दिसत होतं. मी ठरावाचं सगळं सांगितलं तेव्हा ते एकदम मोकळे झाले. "एवढंच ना? तिथे एक फोन करतो. संध्याकाळी कुलूप उघडं."

हेच तर हवं होतं. याचसाठी तीन खेपा घातल्या होत्या. वेळ आली होती आणि माणूस माझ्या बाजूने बोलायला तयार होता, अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे. मी तोंड उघडलं आणि मला हो म्हणता येईना. नाहीही म्हणता येईना. म्हणाले, "विचारून सांगते," आणि बाहेर व्हरांड्यात येऊन मावशीला फोन लावला.

मावशी शेतात होती. कापणी चालू होती, मागे बायकांचे आवाज. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नको," ती म्हणाली. "वरनं फोन आला तर सरपंचबाय खोली देईल, पण मंग आमच्याशी बोलायची नाय. आमाला हितंच राहायचं हाय. बाय, तू आता काय करू नको. ग्रामसभेला ये. नुसती ये."

मी साहेबांना नको म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांची कीव आली. काम नसताना आलेली बाई, काम घेऊन आली आणि ते होत असताना नको म्हणून गेली. मला तरी कुठे समजत होतं?

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात सकाळी होती. कापणी टाकून बायका आल्या होत्या, केसांत भाताची कुसळं, पुढे सतरंजीवर मावशी आणि तिच्या सगळ्या. मी गावची नाही म्हणून मागे कुंपणाजवळ उभी राहिले. सरपंच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. ग्रामसेवक एकेक विषय वाचत होते. नळ, रस्ता, स्मशानभूमीचं कुंपण. मग खोलीचा विषय आला आणि मागून एक माणूस ओरडला, "पार्टीचं ऑफिस काढायचं काय बालवाडीत?" त्याच्यावर दुसरा ओरडला. सगळे एकदम बोलायला लागले.

मावशी उठली. तिला सभेत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"खोली आमची पायजे," ती म्हणाली. "पैसा आमचा हाय, कुन्या साहेबाचा नाय. आमी हितल्याच हाव, सगळ्या. जिचा फोटो लागलाय ती बाय हितली नाय."

मी आजूबाजूला बघितलं. खरंच सांगते, कोणाबद्दल बोलतेय ते मला कळलं नाही.

"ती बाय गुरुवारी यायची नाय," मावशी म्हणाली. "बोईसरवरनं दुसरी कोणतरी येईल. हितं आमची शिकलेली पोरगी बसंल. ती बाय नको. मंग तर खोली देता ना, सरपंचबाय?"

तेव्हा मला कळलं. राग आला, आणि तो मावशीचाच आला. एक शब्द सांगितला नाही! मग वाटलं, सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, वही काढून. मग वाटलं, एवढी वर्षं मी या बायकांसाठी येत होते. आणि मग तेही नीट वाटेना, कारण त्यांच्यासाठी येत होते की मला घरी करमत नव्हतं म्हणून, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मावशी माझ्याकडे वळली नाही. तिची पाठ मात्र ताठ होती, आणि एका हाताने तिने पदर घट्ट धरून ठेवला होता.

सरपंच जराशा थांबल्या. "बाजूनं असतील तेंनी हात वर करा," त्या म्हणाल्या.

मावशीचा हात आधी गेला. मग तिच्या शेजारणीचा, मग सगळ्या सतरंजीचा. हिरव्या काचेच्या बांगड्या, विळ्याने कापलेली बोटं. तो प्रत्येक हात मी गुरुवारच्या टेबलामागून ओळखत होते. मागच्या पुरुषांचेही हात वर आले. ग्रामसेवक पेनाने मोजत मोजत माझ्यापर्यंत आले आणि थांबले.

"मॅडम, तुमी हात खाली घ्या," ते म्हणाले. "तुमचं मत नाय हितं."

माझाही हात वर होता. मी तो खाली घेतला, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.